बर्फाच्या गावात कुंडीतला चाफा

न्यू जर्सीत चाफा होतो का, असं दर मे महिन्यात कुणी ना कुणी विचारतंच. होतो. अंगणात लावून चालत नाही, कुंडीत लावावा लागतो, पण होतो, फुलतो आणि वासही तोच येतो. इथे त्याचा बहर जुलै ते सप्टेंबर, त्यामुळे गणपती बसतात तेव्हा हार नाही तरी ओंजळभर फुलं घरची निघतात.

अडचण हिवाळ्याची आहे, पण लोकांना वाटते तशी नाही. इथले बहुतेक चाफे थंडीने मरत नाहीत. ते घरात उबेला आणल्यावर, 'बिचारा सुकला' म्हणून घातलेल्या पाण्याने मरतात. या लेखातलं दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी एवढं ठेवा.

खालच्या सगळ्या तारखा एडिसनच्या आसपासच्या, म्हणजे मध्य न्यू जर्सीच्या हवामानाला धरून आहेत. शिकागो किंवा टोरांटोकडे असाल तर बाहेर काढायला उशीर करा आणि आत घ्यायची घाई करा. ह्यूस्टन किंवा फ्लोरिडात असाल तर यातलं निम्मं तुम्हाला लागणारच नाही. इंग्लंडातल्या मँचेस्टरसारख्या गावी हिवाळ्यापेक्षा उन्हाळाच कमी पडतो. तिथे काचेचं घर किंवा दक्षिणेची मोठी खिडकी असल्याशिवाय फुलांची फार आशा धरू नका.

आधी झाड कोणतं ते नीट समजून घ्या

इथे चाफा म्हणजे देवळापुढचा चाफा, पांढरा आणि पोटात पिवळा, किंवा तांबडा. जाड फांद्या, मोडली की पांढरा चीक. नर्सरीत प्लुमेरिया म्हणून मागायचा. सोनचाफा, कवठी चाफा, हिरवा चाफा यांना पुढची कृती लावू नका. सोनचाफा सदाहरित आहे, त्याला हिवाळाभर कोरडं ठेवलंत तर मार्चमध्ये सरपण हाती येईल.

देवळापुढे पिढ्यान्‌पिढ्या उभा असला तरी या झाडाचं माहेर मेक्सिको, मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटं. निकाराग्वाचं तर ते राष्ट्रीय फूल आहे. त्या मुलखात वर्षाचे काही महिने पावसाचा थेंब नसतो. तेव्हा चाफा पानं टाकतो आणि फांद्यांत साठवलेल्या पाण्यावर महिनेमहिने काढतो. पाऊस आला की शेंड्यांना पालवी. आपल्याकडेही जानेवारी-फेब्रुवारीत तो असाच उघडाबोडका उभा असतो, आणि तेव्हा त्याला कुणी पाणी घालायला जात नाही.

म्हणून इथल्या हिवाळ्यात आपण झाडाला थंडी सोसायला शिकवत नाही. त्याला त्याचा कोरडा ऋतू बेसमेंटमध्ये मिळवून देतो. पानं गळल्यावर त्याला उजेड लागत नाही, पाणी लागत नाही, फक्त गोठणं नको. ३२ फॅरनहाइटला, म्हणजे शून्य सेल्सिअसला, फांद्यांमधलं पाणी गोठतं आणि फांदी आतून फुटते. ५० फॅरनहाइटच्या, म्हणजे १० सेल्सिअसच्या खाली रात्री जाऊ लागल्या की झाड वाढ थांबवतं. हे दोन आकडे पाठ करा.

१. जागा तपासा, मगच पैसे घाला

दोन जागा लागतात. उन्हाळ्यात किमान सहा तास थेट ऊन येईल अशी, म्हणजे दक्षिणेचं किंवा पश्चिमेचं डेक, ड्राइव्हवेची कड, अंगणाचा उघडा कोपरा. आणि हिवाळ्यात ५० फॅरनहाइटच्या आसपास राहील, गोठणार नाही अशी. बेसमेंट उत्तम, घराला जोडलेलं गराज बहुधा चालतं, सुटं गराज किंवा शेड नाही. गराजचा भरवसा वाटत नसेल तर जानेवारीतल्या एखाद्या कडाक्याच्या रात्री तिथे थर्मामीटर ठेवून सकाळी बघा. अंदाजाने ठरवू नका, दार दिवसातून चारदा उघडतं.

अपार्टमेंटची बाल्कनी उत्तरेला असेल तर चाफ्याचा नाद सोडा. पानं येतील, फूल येणार नाही.

२. फांदी घ्यायची की रोप, आणि कुठून

बी लावण्याचा मोह टाळा. शेंगेतून पंख असलेल्या चपट्या बिया निघतात, त्या सहज रुजतात, पण फूल यायला तीनेक वर्षं तरी जातात, आपल्या छोट्या हंगामात त्याहून जास्त. शिवाय बीचं झाड आईसारखं फूल देईल याची खात्री नाही. बारा ते अठरा इंचांची छाटलेली फांदी घ्या. ती स्वस्त पडते, पाकिटातून येते आणि नीट लागली तर पुढच्या उन्हाळ्यात फुलूही शकते. मुळं फुटवण्याची कटकट नको असेल तर रुजलेलं रोप घ्या, महाग पडेल पण वर्ष वाचेल.

फ्लोरिडा, टेक्सस, हवाई इथले उत्पादक मार्चपासून फांद्या पाठवतात. हवाईहून येणारी फांदी तपासणी झालेलीच घ्यावी. तिकडच्या विमानतळांवर पर्यटकांसाठी ठेवलेल्या फांद्यांवर तसा शिक्का असतो.

आता भारतातून आणण्याचं. गावच्या देवळातल्या चाफ्याची फांदी बॅगेत, साडीच्या घडीत घालून आणायची कल्पना प्रत्येकाच्या मनात येते. नका आणू. लावण्यासाठी आणलेल्या कोणत्याही रोपाला किंवा फांदीला भारताच्या वनस्पती संगरोध खात्याचं फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, म्हणजे रोग-कीड नसल्याचा दाखला, लागतं. माती चिकटलेली चालत नाही आणि विमानतळावर उतरल्यावर फांदी जाहीर करावी लागते. कागद नसताना सापडली तर फांदी जाते, आणि जाहीर न करता सापडली तर दंडही होतो. हा निव्वळ अडेलतट्टूपणा नाही. चाफ्याचा तांबेरा हा बुरशीचा रोग असाच पानांवरून देशोदेशी फिरला आहे.

जात कोणती? पहिल्यांदा लावणाऱ्याने 'सेलाडीन' घ्यावी. पिवळी, पाकळ्यांच्या कडेला पांढरी, वास लिंबासारखा तरतरीत, आणि काटक. हवाईच्या फुलमाळांत हीच असते. आपल्या पांढऱ्या चाफ्याच्या जवळचं काही हवं असेल तर रुब्रा प्रजातीतली पांढरी-पिवळी मागा. 'सिंगापूर' म्हणून मिळणारा गोल टोकाच्या पानांचा पांढराशुभ्र चाफा दिसायला देखणा, वासाला मोहक, पण तो सहसा पूर्ण पानं टाकत नाही आणि थंडी-ओलावा त्याला मुळीच सोसत नाही. तो दुसऱ्या-तिसऱ्या झाडासाठी ठेवा. पुण्यातल्या नर्सऱ्यांत हल्ली नागचाफा म्हणून मिळतो तो पुडिका, पानं नागाच्या फण्यासारखी, फुलं रग्गड, पण वास जवळजवळ नाही. ज्याला वासासाठी चाफा हवा आहे त्याने तो घेऊन नंतर हळहळू नये.

फांदी हातात आली की अंगठ्याने बुडापासून शेंड्यापर्यंत दाबून बघा. सगळीकडे घट्ट हवी. किंचित सुरकुत्या चालतील, कुठेही मऊ लागता कामा नये.

३. सामान

- एक गॅलनची काळी प्लास्टिकची कुंडी, बुडाला भरपूर भोकं असलेली. नर्सरीतून रोप आणताना येते तीच. काळी अशासाठी की उन्हात तापते आणि मुळांना ऊब मिळते.
- निवडुंगासाठीची तयार माती, पर्लाइट (माती मोकळी ठेवणारे पांढरे हलके खडे) आणि पाइनच्या सालीचा बारीक चुरा.
- रूटिंग हार्मोनची, म्हणजे मुळं फुटायला मदत करणारी पावडर. नसली तरी अडत नाही.
- रोपांखाली ठेवायचा हीट मॅट. एप्रिलमध्ये सुरुवात करणार असाल तर हवाच.
- काठी आणि बांधायला जुन्या सुती कापडाच्या पट्ट्या.
- धारदार चाकू किंवा छाटणीची कात्री आणि पुसायला रबिंग अल्कोहोल.
- हातमोजे. चीक कपड्यावर पडला तर डाग जात नाही, त्वचेला खाज सुटते, डोळ्यात गेला तर फारच झोंबतो. लहान मुलं आणि कुत्री-मांजरं यांना कापाकापीच्या वेळी लांब ठेवा.
- पुढे लागणारी चाकांची फळी. कुंडी मोठी झाल्यावर हिच्याशिवाय चालणार नाही, कंबर आपली आहे.

दुकानात ज्या मातीच्या पिशवीवर 'मॉइश्चर कंट्रोल' लिहिलेलं असेल ती उचलू नका. ती पाणी धरून ठेवायलाच बनवलेली असते आणि आपल्याला नेमकं उलटं हवं आहे. शेणखत, गांडूळखत, घरचं कंपोस्ट यांचा ढीग घालण्याची सवयही इथे आवरा.

४. फांदीला मुळं फुटवणं

इथेच सगळ्यात जास्त फांद्या जातात, म्हणून सावकाश वाचा.

पानं असतील तर सगळी काढा. मुळं नसताना पानं ठेवली तर फांदीतलंच पाणी ओढून घेतात. छाटलेलं टोक वाळू द्या. ताजी फांदी असेल तर सावलीत, हवेशीर जागी आठवडा-दोन आठवडे नुसती आडवी ठेवा. चीक सुकून टोकावर खडबडीत, करड्या रंगाची कडक खपली धरते. ती धरल्याशिवाय मातीत घालू नका, कच्चं टोक ओल्या मातीत गेलं की कुजतंच. टपालाने आलेल्या फांदीला खपली बहुधा आधीच असते.

माती निम्मी आणि पर्लाइट निम्मं असं मिश्रण करा, ओलं करून हातात दाबा. पाणी टपकलं तर फार ओलं. मूठ उघडल्यावर गोळा लगेच फुटला पाहिजे. कुंडी भरा, फांदी तीन-चार इंच खोल रोवा, भोवती दाबून घट्ट करा. काठीला दोन ठिकाणी बांधा, कारण हलणाऱ्या फांदीची नवी मुळं तुटतात. एकदाच थोडं पाणी द्या. आणि मग थांबा.

हे थांबणं कठीण असतं. फांदीला ७५ ते ८५ फॅरनहाइटची ऊब बुडाशी हवी, म्हणून हीट मॅट. उजेड भरपूर, पण कडक दुपारचं ऊन नको. पाणी दहा-बारा दिवसांनी पेलाभर, तेही वरची माती खडखडीत वाळली असेल तर. शेंड्याला महिनाभरात हिरवे नखांसारखे कोंब दिसू लागतात. ते दिसले म्हणून मुळं आली असं समजू नका. फांदीच्या साठ्यावरच ती पानं निघतात. पानं पाच-सहा इंचांची होऊन टवटवीत राहिली तर समजा की खाली मुळं धरली आहेत. दीड महिना ते तीन महिने लागतात. मध्येच उपटून बघू नका.

कूज ओळखायची ती अशी. फांदीचं बूड मातीच्या जवळ अंगठ्याने दाबा. बोट आत जात असेल, साल सुटत असेल, पाणीदार तपकिरी रंग आला असेल तर काढा बाहेर. अल्कोहोलने पुसलेल्या चाकूने थोडी थोडी चकती कापत वर या. आतल्या भेंडात तपकिरी ठिपका किंवा वलय दिसतंय तोवर कापत राहा, प्रत्येक कापाला चाकू पुसत. भेंड स्वच्छ पांढरं दिसलं आणि चीक भराभर आला की थांबा. पुन्हा वाळवून पुन्हा लावा. सहा इंच उरले तरी फांदी वाचू शकते.

५. मोठी कुंडी

मुळांनी एक गॅलनची कुंडी भरली की तीन गॅलन, मग पाच ते सात. पाच-सहा फुटी झाडाला पंधरा गॅलनपर्यंत. एकदम मोठ्या कुंडीत घालू नका, मुळं पोचत नाहीत तिथली माती ओलीच राहते. मोठ्या झाडासाठी मिश्रण: दोन भाग तयार माती, एक भाग पर्लाइट, एक भाग पाइनची साल. मातीची भाजलेली कुंडी झाडाला आवडते पण तुम्हाला उचलायची आहे, आणि रिकामी राहिली तर थंडीत तडकते. प्लास्टिकच बरं. कुंडी बदलायची वेळ वसंत ऋतू, पानं फुटत असताना.

६. उन्हाळा: ऊन, पाणी, खत

ऊन जितकं मिळेल तितकं. पाणी भरपूर द्या, पण वरचे दोन इंच वाळल्यावरच. बोट खुपसून बघा. जूनमध्ये आणि सप्टेंबरमध्ये तीन-चार दिवसांनी लागेल, जुलै-ऑगस्टच्या उकाड्यात छोट्या कुंडीला रोजही लागू शकतं. कुंडीखाली थाळीत पाणी साचू देऊ नका. संध्याकाळच्या वादळी पावसात शेंडा जड झालेलं झाड सपशेल आडवं होतं. मोठी कुंडी कठड्याला बांधा किंवा भोवती विटा लावा. खारी कुंडीत शेंगदाणे पुरतात, त्याला इलाज नाही.

खताच्या बाबतीत एक जुना समज पिढीजात चालत आला आहे: फुलांसाठी भरमसाट फॉस्फरस, म्हणजे ज्याच्या डब्यावरच्या तीन आकड्यांतला (क्रमाने नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅश) मधला आकडा पन्नासच्या घरात आहे तो. चाफ्याला तेवढा लागत नाही, आणि साठलेला फॉस्फरस लोह आणि जस्त यांच्या आड येतो, मग पानं पिवळी पडतात. सावकाश विरघळणारं साधं खत, तिन्ही आकडे साधारण सारखे किंवा पहिला जरा कमी, सूक्ष्म अन्नद्रव्यं असलेलं, पानं उघडल्यावर एकदा घाला. पाकिटावर जितकं सांगितलं तितकंच. नायट्रोजन जास्त झाला की फांद्या लांबच लांब वाढतात आणि कळ्या येत नाहीत. ऑगस्टच्या मध्यानंतर खत बंद.

७. फूल का येत नाही

कारणं क्रमाने तपासा: ऊन कमी, फांदी अजून लहान, नायट्रोजन जास्त, किंवा गेल्या वसंतात तुम्ही शेंडे छाटलेत. चाफ्याचा तुरा फांदीच्या टोकालाच येतो. तुरा फुलून गेला की त्याच्या खालून दोन-तीन नव्या फांद्या फुटतात आणि पुढच्या वर्षी प्रत्येकीला तुरा येऊ शकतो. त्यामुळे झाड जितकं जुनं तितकी फुलं जास्त. पहिल्या वर्षी एकच तुरा आला तर खट्टू होऊ नका, एका तुऱ्यातली फुलं आठवडेच्या आठवडे एकेक करून उमलत राहतात.

वास घ्यायचा तो संध्याकाळी आणि रात्री. चाफ्याच्या फुलात मध नसतो. वासाने निशाचर पतंगांना भुलवून, काही न देता तो परागीभवन उरकून घेतो. पूजेला मात्र सकाळी वेचलेली फुलं चालतात, दिवसभर टिकतात.

८. कीड

उन्हाळ्यात पानांच्या खालच्या बाजूला नारिंगी पूड दिसली तर तो तांबेरा. ती पानं काढून पिशवीत घालून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको. पाणी पानांवर न घालता मुळाशी घाला, झाडांमध्ये हवा खेळू द्या. तांबेऱ्याने पानं लवकर गळतात पण झाड सहसा मरत नाही. पानांवर बारीक पिवळट ठिपके आणि खाली जाळं दिसलं तर लाल कोळी, कोरड्या उकाड्यात येतो. पाण्याचा जोराचा फवारा पानांच्या खालून द्या, दोन-तीन दिवसांनी पुन्हा द्या. पिठ्या ढेकूण असेल तर अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसा. निमतेल चालतं, पण संध्याकाळी फवारा. भर उन्हात फवारलं तर पानं भाजतात.

९. आत नेणं: सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर

सप्टेंबरच्या मध्यापासून पाणी कमी करत जा. रात्रीचं तापमान ५०च्या खाली सलग दिसू लागलं की झाड आत. आमच्या भागात पहिलं दव गोठतं ते साधारण ऑक्टोबरच्या उत्तरार्धात, पण त्या रात्रीची वाट बघत बसू नका. हवामानाच्या अ‍ॅपमध्ये ४० दिसलं की त्या संध्याकाळी नेऊनच ठेवा.

आत नेण्याआधी पानं, खोड, कुंडीची कड साबणाच्या पाण्याने धुऊन घ्या, नाहीतर किडी फुकटच्या उबेत हिवाळा काढतील. मग झाड बेसमेंटमध्ये भिंतीशी ठेवा आणि पाणी बंद करा. थोडं थोडं नाही, बंद. पानं पिवळी पडून एकेक गळतील. काही आठवड्यांत नुसते दांडे उरतील. घरी आलेला पाहुणा 'मेलं की हो हे' म्हणेल, त्याला चहा द्या.

जागा नसेल तर झाड कुंडीतून काढून, मुळांची माती झटकून, मुळं वर्तमानपत्रात गुंडाळून, खोक्यात आडवंही ठेवता येतं. लहान झाडांना ही रीत फार सोयीची. ओल्या मुळांनी गुंडाळू नका, आधी दोन-तीन दिवस वाळवा. प्लास्टिकच्या पिशवीत तर मुळीच नाही.

काही जण दिवाणखान्यात खिडकीशी ठेवून, वर ग्रो लाइट लावून झाड जागं ठेवतात. जमतं, पण डिसेंबरच्या उजेडात फांद्या लांबोड्या होतात, हीटरच्या कोरड्या हवेत लाल कोळी माजतो आणि पाण्याचा अंदाज सारखा चुकतो. 'सिंगापूर' आणि पुडिका यांना हाच मार्ग बरा, कारण ते पूर्ण झोपत नाहीत. बाकीच्यांना झोपू द्या.

हिवाळाभर महिन्यातून एकदा जाऊन फांद्या दाबून बघा. सुरकुत्या पडल्या तर पडू देत. फारच चिरमुटलं असेल, आणि कुंडी लहान असेल, तर महिन्यातून एकदा अर्धा पेला पाणी, जास्त नाही. टोक मऊ किंवा काळं पडलं असेल तर निरोगी भागापर्यंत कापून टाका आणि तो काप वाळू द्या. जिवंत आहे की नाही अशी शंका आली तर नखाने साल जराशी खरवडा. खाली हिरवं दिसलं, चीक आला, तर ते मजेत आहे.

ऑक्टोबरमध्ये अर्धवट कळ्यांचा तुरा असेल तर? दक्षिणेच्या खिडकीत ठेवून बघा, काही कळ्या उमलतात. नाहीच उमलल्या तर तुरा तोडू नका. कधीकधी तो तसाच थिजून राहतो आणि वसंतात पुन्हा वाढायला लागतो.

१०. बाहेर काढणं: मेमधली अधीरता

फेब्रुवारी-मार्चमध्ये बेसमेंटच्या अंधारातच शेंड्यांना कोंब दिसू लागतात. घाबरून पाणी घालू नका. झाड खिडकीशी उजेडात आणा, पानं दोन-तीन इंचांची झाली की मग पहिलं पाणी, बेताचं.

बाहेर काढायचं ते रात्री सलग ५०-५५च्या वर राहू लागल्यावर, म्हणजे आमच्याकडे मेचा मध्य किंवा त्यानंतर. एप्रिलमधले ते दोन-चार गरम दिवस फसवे असतात. त्या वेळी सगळे अंगणात टोमॅटो लावतात आणि आठवड्याने पुन्हा लावतात.

हिवाळाभर अंधारात राहिलेली साल थेट उन्हात ठेवली तर भाजते. दक्षिणेकडच्या बाजूला पांढरट, मग तपकिरी खोलगट पट्टा पडतो आणि तो भरून येत नाही, पुढे तिथूनच कूज शिरते. म्हणून पहिला आठवडा सावलीत, दुसरा सकाळच्या उन्हात, मग पूर्ण ऊन. कुंडीच्या कुठल्या बाजूला सूर्य होता त्याची खडूने खूण करून ठेवलीत तर पुढच्या वर्षी तीच बाजू त्याच दिशेला ठेवता येते.

११. छाटणी

झाड छताला टेकलं, बेसमेंटच्या जिन्यात अडकू लागलं, की छाटावं लागतं. हिवाळ्याच्या शेवटी, पालवी फुटायच्या आधी छाटा. त्या फांदीवरचं त्या वर्षीचं फूल बहुधा गेलं असं समजा, म्हणून सगळं झाड एकाच वर्षी छाटू नका. एका वर्षी निम्म्या फांद्या, पुढच्या वर्षी उरलेल्या. काप तिरका घ्या, पाणी साचत नाही. फांदीच्या कापापासून चीक थेंबथेंब गळतो, खाली वर्तमानपत्र अंथरा.

छाटलेल्या फांद्या फेकायच्या नसतात. मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक ओळ टाकली तर संध्याकाळपर्यंत सगळ्या जातात. फक्त प्रत्येक फांदीवर जातीचं नाव आणि शेंड्याची बाजू दाखवणारा बाण मार्करने लिहून द्या. बिनपानाचे सगळे दांडे सारखेच दिसतात, आणि उलटी रोवलेली फांदी कितीही वाट पाहिली तरी फुटत नाही.